जर्मनीशी अबोला

आमचा शेजारी अंकुश भाटकर गेल्या शिमग्यापासून जर्मनीशी बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, जर्मनी म्हणजे देश. तो काय भाटकराच्या पडवीत येऊन बसतो, की ह्यानं त्याच्याशी अबोला धरावा? मीही तेच म्हटलं होतं. पण अबोला बघायचा असेल तर अंकुशच्या घरात जावं लागतं. तो बोटीवर नोकरीला होता तेव्हाचा एक जर्मन पाना त्याच्याकडे आहे, हातभर लांब, अजून चकचकीत. खुंटीला टांगलेला असतो. शिमग्यापासून त्यानं तो उलटा टांगलाय, तोंड भिंतीकडे करून. नट आवळायची वेळ आली की हा म्हातारा भर उन्हात चालत गॅरेजवर जातो, गंजका पाना मागून आणतो, पण त्या पान्याला हात लावत नाही.

"समजू दे त्याला," म्हणतो.

"कोणाला रे?"

"जर्मनीला."

भांडणाचं कारण असं. फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन ह्या तीन देशांनी मिळून एक लढाऊ विमान करायचं ठरवलंय. ठरवून बरीच वर्षं झाली. विमान अजून कागदावर आहे आणि भांडण मात्र आभाळात पोचलंय. फ्रान्स म्हणतो, विमानातलं आम्हाला कळतं, तेव्हा पुढारी आम्ही. जर्मनी म्हणतो, पैसा काय आम्ही मुंडावळ्या बांधून बघत बसायला देतो काय? तिसरा स्पेन. तो काय म्हणतो हे कोणी छापत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ट्रॉलरवर तांडेल होतो, म्हणजे होडीवरचा मुख्य. हुकूम सोडला की माणसं जाळं ओढायची. त्यामुळे मला एवढं कळतं की एका होडीवर तांडेल एकच असतो. हे त्या शिकलेल्या देशांना कसं कळत नाही ते मला सांगा. मागे आमच्या गावात पालखीला पहिला खांदा कोणाचा ह्यावरून वाद होऊन देवाची पालखी देवळातच राहिली. तेव्हा तहसीलदार येऊन आम्हाला अडाणी म्हणून गेले. ते आता कुठं असतील तिथून त्यांना आणा आणि हा युरोप दाखवा.

अंकुशला ह्या विमानाचा नाद लागला तो मोबाइलवर. तसा तो परदेशी बोटींवर इंजिनात तेलवाला होता. मशीनला तेल घालायचं आणि साहेबाच्या शिव्या खायच्या. त्यात एका बोटीवर फ्रेंच चीफ होता, एका बोटीवर जर्मन. अंकुशचं फ्रान्सचं सगळं ज्ञान त्या एका माणसावरचं आणि जर्मनीचं दुसऱ्या माणसावरचं. फ्रेंचाला तो "माझा मुसो" म्हणतो, मुसो म्हणजे त्यांच्यात साहेब. इंजिन बंद पडून बोट भर समुद्रात डुलत असली तरी मुसो आधी जेवून घ्यायचा आणि अंकुशलाही पाव द्यायचा. जर्मन साहेबानं त्याच्याकडून एकच पाइप पुन्हा पुन्हा पुसून घेतला होता. झालं. त्यावरून दोन देशांचा निकाल लागला.

"पाइप घाण असेल," मी म्हटलं एकदा.

"पाइप साफ होता, गंग्या. मन घाण होतं त्याचं."

अंकुशचं एक पालुपद आहे. कुठल्याही गोष्टीत तो आधी विचारतो, "नाळ कोणाची?" होडीचं पुढचं टोक, जे पाणी कापत जातं, त्याला आम्ही नाळ म्हणतो. होडी बांधताना नाळ उभी केली की हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, आणि ज्याच्या नारळानं ती पुजली जाते त्याचा होडीवर पहिला मान. म्हणून अंकुशचा प्रश्न. वाडीत लग्न ठरलं, नाळ कोणाची? नळाची पाइपलाइन आली, नाळ कोणाची? त्याच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला तेव्हा दवाखान्यात दोन डॉक्टर उभे राहिले. हा टेबलावर आडवा पडलेला, तिथून विचारतोय, "तुमच्यात नाळ कोणाची ते आधी ठरवा, मग डोळ्याला हात लावा."

तर हा माणूस त्या विमानाकडे एवढा का बघतो ह्याचं खरं कारण आमच्या आगरात उभं आहे. खाडीच्या कडेला, माडांच्या सावलीत, लाकडाच्या टेकूंवर. आमची होडी.

होडी तिघांची. लाकूड अंकुशचं, वादळात त्याचे फणस आणि आईन पडले त्यातलं. इंजिन जनू सुर्व्यानं आणलेलं. जागा माझी. जनू हा अंकुशचा साडू. गुहागरकडच्या दोन बहिणी ह्या दोघांनी केल्या. जनू एसटीत ड्रायव्हर होता, निवृत्त झाला तरी चालताना वळणावर हात बाहेर काढतो. दोघी बहिणी पाठोपाठ गेल्या. अंकुशला मूलबाळ नाही. जनूचा मुलगा डोंबिवलीला. त्यामुळे अंकुशला नातेवाईक म्हणायला उरला एक जनू, आणि जनूला इथं उरला एक अंकुश. बायकांचं कार्य आटोपल्यावर दोघं माझ्या पडवीत येऊन गप्प बसायचे. एक दिवस अंकुश म्हणाला, होडी बांधू या. जनू म्हणाला, बांधू या. त्या दोघांचं एकमत झालेलं ते एवढंच.

विमानाची बातमी अंकुशला मिळाली तशी त्यानं आम्हाला देश वाटून टाकले. "मी फ्रान्स. जनू जर्मनी. गंग्या, तू स्पेन."

"मी स्पेन का?"

"तिसरा म्हणून."

मला राग आला. जागा माझी, समुद्रावर जन्म काढला मी, आणि तिसरा म्हणे. मी शाळेतल्या बाईंकडे गेलो आणि विचारलं, हा स्पेन काय प्रकार आहे? बाई म्हणाल्या, तिथली माणसं फुटबॉल चांगला खेळतात आणि भर मैदानात बैलाशी लढतात. मला बरं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, बैलाशी लढतात म्हणे आमच्यातले. ती मासळी साफ करत होती. म्हणाली, "लढायचं नंतर बघा. आपल्या गोठ्यातला सकाळपासून हंबरतोय, त्याला पेंढा घाला."

होडीची खरी गंमत आता सांगतो. असली चूक आमच्या वाडीबाहेर कोणी करून दाखवावी. अंकुशनं सुतार आणला गुहागरकडचा. जनू म्हणाला, त्याचा सुतार म्हणजे त्याचं माप, तेव्हा माझ्या बाजूला माझा सुतार. त्यानं जैतापूरकडचा आणला. दोन सुतार, दोन बाजू. मधे पठाण, म्हणजे होडीचा कणा, तेवढा सामाईक. दोघं सुतार एकमेकांकडे पाठ करून फळ्या मारत गेले. गुहागरवाल्याची पद्धत पोट सपाट ठेवायची, जैतापूरवाल्याची गोल. दोन्ही बाजू पुऱ्या झाल्यावर आम्ही लांब जाऊन बघितलं. होडी एका गालात भजी धरून बसलेल्या माणसासारखी दिसत होती.

"तुझी बाजू फुगली," अंकुश म्हणाला.

"तुझी बाजू खपाटीला गेली," जनू म्हणाला.

सुतारांनी एकमेकांच्या गावाचा उद्धार केला आणि दोघंही निघून गेले.

नाळेच्या पूजेला तर कहर. पहिला नारळ कोणाचा ह्यावर सकाळ गेली. शेवटी ठरलं, दोघांनी एकदम फोडायचे. मी "हाण" म्हणालो आणि दोन्ही नारळ एकदम फुटले. पाणी एकमेकांच्या तोंडावर उडालं, आणि मग कोणाचा आवाज आधी आला ह्यावर दुपार गेली. मीही घरून एक नारळ नेला होता. तो फोडायला कोणी सांगितलं नाही. मी तो काखेत मारून परत आलो, बायकोनं त्याचा रस काढून सुरमईच्या आमटीत घातला. "भागीचं घोडं किवणानं मरतं," ती म्हणाली आणि मला दुसऱ्यांदा वाढलं.

पण मूळ वाद नाळेचाही नव्हता. होडी कशासाठी, हा वाद होता. अंकुशला मासेमारीची होडी हवी. जाळी, बर्फाची पेटी, पहाटे निघायचं, मिरकरवाड्याच्या लिलावात पाटी उतरवायची. जनूला पर्यटकांची होडी हवी. गुहागरला बघा, मुरुडला बघा, म्हणे, माणसं डॉल्फिन बघायला रांगा लावतात. त्यानं होडीत बाकं ठोकली. तोंड पुढे करून, ओळीनं, मधे जायला वाट ठेवून. डाव्या अंगाला चढायची पायरी. पायरीपाशी घंटेची दोरी.

अंकुश ते बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ए डायवर, ही होडी हाय काय गुहागर गाडी?"

"माणसं बसून जातील. तुझ्यासारखी उकिडवी नाय जाणार."

"आणि घंटा कशाला?"

"उतरायचं असलं तर?"

"भर समुद्रात कोण उतरतो मेल्या?"

जनूनं इंजिन वाकून बघितलं. "ब्रेक कुठाय ह्याला?"

"समुद्रात ब्रेक नसतो."

"म्हणूनच बुडतात," जनू म्हणाला.

सकाळी जनू बाक ठोकायचा, दुपारी अंकुश उपटायचा. खिळे सरळ करून डब्यात ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी जनूला तेच मिळावेत. इकडे मोबाइलवर बातमी यायची की फ्रान्सला बोटीवर उतरणारं विमान पाहिजे, जर्मनीकडे तसली बोटच नाही, तेव्हा जर्मनी म्हणतो हे वजन आम्ही का वाहावं? अंकुश मला मोबाइल दाखवायचा. "बघ. माझी जाळी जनूला अशीच जड होतात. सगळीकडं सारखंच, गंग्या."

मग शिमग्याच्या दिवसांत जनूनं अंकुशची बर्फाची पेटी बाहेर काढली आणि त्या जागी ड्रायव्हरची सीट बसवली. मागे टेकायला उशीसुद्धा. अंकुश लालबुंद झाला. मला वाटलं आता साडूसाडूंचं बोलणं संपलं. तो घरी गेला आणि पाना उलटा टांगला.

मी म्हटलं, "पेटी जनूनं काढली. त्याच्याशी अबोला धर. त्या देशानं तुझं काय केलं?"

अंकुश म्हणाला, "जनूशी कसा धरू? संध्याकाळचा चहा त्याच्याकडं असतो."

तर असं बरं चाललं होतं. मग आंबा संपत आला तेव्हाची गोष्ट. एका सकाळी अंकुश माझ्या अंगणात आला तो चहा न घेता. मोबाइल हातात, तोंड उतरलेलं. मला वाटलं कोणी गेलं.

"फुटतायत," म्हणाला.

"कोण?"

"फ्रान्स आणि जर्मनी. हा म्हणतो मोठा वाटा माझा, नायतर एकटा करतो. तो म्हणतो मग मी दुसरा भागीदार बघतो. इतकी वर्षं भांडले गंग्या, इतकी वर्षं, आणि आता म्हणे सोडून देऊ."

"सुटतील बिचारे. तुझं काय जातं?"

"आपण नाय काय रशियाबरोबर एक विमान करायला घेतलं होतं? त्याचं काय झालं? आलो सोडून. एकदा सोडून आलं की कोण परत जात नाय." तो पायरीवर बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जनू चार दिवस होडीकडं आलेला नाय."

आता मला समजलं तोंड कशानं उतरलंय. खरंच, बाकं ठोकल्याचा आवाज आला नव्हता. अंकुशनं उपटण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तू जाऊन बघ त्याच्या मनात काय हाय," तो म्हणाला.

"मी कोणाचा निरोप्या नाही."

"तुला जमेल. तुला कोणी मनावर घेत नाय."

हे ऐकून मी अजिबात जाणार नव्हतो. पण बायकोनं ओल्या काजूगरांची वाटी हातात दिली आणि म्हणाली, जनूभावजींना देऊन या. वाटी पोहोचवायला गेलो, हे लक्षात ठेवा.

जनूचं अंगण झाडलेलं. ट्रंक उन्हात उघडी. दोरीवर खाकी शर्ट वाळत घातलेला, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी इस्त्री करून ठेवणारा माणूस. मला बघून तो म्हणाला, "बरं झालं आलास गंगाराम. जातोय मी."

"कुठं?"

"डोंबिवलीला. सूनबाई कामाला लागली. शाळा सुरू झाली की नातीला न्यायला आणायला माणूस पाहिजे. पोरगा म्हणाला, बाबा, तुम्हीच या." तो थोडा हसला. "न्यायचं आणि आणायचं. जन्मभर दुसरं काय केलं मी?"

"परत कधी?"

"पोर मोठी झाली की." म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"अंकुशला सांगितलंस?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार."

"चार दिवस तिकडं गेलो नाय तो ह्याच्यासाठीच. तोंडावर आलं की शब्द फुटत नाय."

"फुटत नसला तर फोडावा लागेल. नारळ बरे एकदम फोडता आले तुम्हाला?" मी म्हटलं. त्यानं काजूगरांची वाटी माझ्या हातातून घेतली.

शेवटी संध्याकाळी तो होडीकडे आला. मी पाठोपाठ. अंकुश होडीत बसून उरलेल्या एका बाकाचा खिळा उगाच हातोडीनं टकटक करत होता. जनूला बघून त्याची मान ताठ झाली. डोळे मात्र हसले.

"आलास? मला वाटलं ब्रेक फेल झाला."

"तेलवाल्या, ऐक," जनू म्हणाला. "नाळ तुझी."

"काय?"

"नाळ तुझी. जाळी लाव. बाकं काढ. बर्फाची पेटी बसव. रंग तुझ्या आवडीचा, नाव तुला पाहिजे ते. सुकाणूपण तुझ्याच हातात. इंजिन माझं हाय, ते असू दे इथंच."

ज्या गोष्टींसाठी हा माणूस इतका भांडला त्या सगळ्या एका दमात त्याच्या पुढ्यात येऊन पडल्या. दुसरा कोणी असता तर गुलाल उधळला असता. अंकुशनं हातोडी खाली ठेवली.

"तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मग एवढं वाटायला निवडणुकीला उभा हायस काय?"

"जातोय मी. पोराकडं. परवा सकाळच्या गाडीनं."

खाडीला भरती लागली होती. पाणी टेकूपर्यंत येऊन परत जात होतं. अंकुशनं माझ्याकडे बघितलं, मी माडाकडे बघितलं. मग तो एकदम उठला.

"आणि बाकं काढ म्हणून कोणी सांगितलं तुला?"

जनू गोंधळला. "तूच तर रोज उपटतोस."

"मी उपटतो म्हणून तू सोडून देणार? मी उपटणार, तू ठोकणार, असं हाय ना ते? पर्यटक काय उभ्यानं जातील डॉल्फिन बघायला? लहान पोरं असतात, म्हाताऱ्या असतात. बाकं पाहिजेत."

"अरे, पण मासेमारी—"

"मासेमारीत आता काय राहिलंय? मासा कुठाय?"

"नाय कसा? परवा मिरकरवाड्यात बांगडा बघितलास ना. जाळी पाहिजेतच. होडी आणि जाळी नाय, असं कधी असतं काय?"

"घंटापण राहू दे," अंकुश ओरडला.

"घंटा कशाला? भर समुद्रात कोण उतरतो?"

"कोण का उतरेना. तुला काय करायचंय? माणसाला वाटलं पाहिजे की उतरता येतं."

"आणि वजन किती वाढेल, अकलेच्या?"

"वाढू दे. आणि ब्रेकचं पण बघू."

"समुद्रात ब्रेक नसतो, असं तूच सांगितलंस."

"बसवू म्हटलं ना."

मी तिथं उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत फ्रान्स जर्मनीकडून भांडत होता आणि जर्मनी फ्रान्सकडून. कोणालाही आपलं काही नको होतं. एवढी दानत असलेलं भांडण मी माझ्या आयुष्यात ऐकलं नाही, आणि आवाज असा की खाडीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. बायको कुंपणाशी आली, बघून परत गेली.

अंधारू लागलं तसा जनू थकून म्हणाला, "गाडी सकाळची हाय. येशील ना स्टँडवर?"

"मी नाय येणार," अंकुश म्हणाला. "मला काम हाय."

आणि खरंच तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जनूची ट्रंक मी उचलली. माझं वय ट्रंका उचलण्याचं नाही, पण मी ती कोणाला उचलू दिली नाही. जनू इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आला होता. कंडक्टरनं त्याला ओळखलं, खिडकीची जागा दिली. जनू सारखा स्टँडच्या फाटकाकडे बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

"येईल," मी म्हटलं.

"कोण?" तो म्हणाला.

गाडी सुटली. फाटकापाशी वळली आणि करकचून थांबली. गाडीसमोर अंकुश उभा. चट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी, बनियन, पाय धुळीनं भरलेले, हातात हातोडी. होडीवरून तसाच धावत आलेला. ड्रायव्हर जे बोलला ते मी लिहीत नाही. अंकुशनं ते ऐकलंसुद्धा नाही. तो दार उघडून आत चढला.

मी खिडकीशी गेलो. "अरे अंकुश, कुठं चाललास?"

"हातखंब्यापर्यंत येतो. ह्याला दोन शब्द सांगायचे राहिलेत."

हातखंबा म्हणजे हायवेचा फाटा, इथून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. मी म्हटलं, बरं, येईल तासाभरात. घरी येऊन त्याच्या कोंबड्यांना तांदूळ टाकले.

पहिला फोन आला तो संगमेश्वरहून.

"गंग्या, हातखंबा गेला बोलता बोलता. आता चिपळूणला उतरतो. ह्याला समजतच नाय काय सांगतोय ते."

मागून जनूचा आवाज आला, "कोणाला समजत नाय?" आणि फोन बंद झाला.

चिपळूणला तो उतरला, वडापाव खाल्ला, आणि परत चढला. हे मला महाडहून कळलं. तोवर कंडक्टर त्याच्या मागे लागला होता. मला फोनमध्ये स्वच्छ ऐकू आलं, कंडक्टर म्हणत होता, "आजोबा, दर स्टँडला नवीन तिकीट काय फाडायला लावता? एकदाच मुंबईचं घ्या."

"मला मुंबईला जायचं नाय," अंकुश म्हणत होता.

"मग उतरा."

"उतरणारच हाय. वाद संपला की उतरतो. आणि हातोडी बाजूला ठेवतो, घाबरू नको."

बायकोनं विचारलं, "अंगावर काय आहे भावजींच्या?" मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "डोंबिवलीची सून काय म्हणेल?" मी म्हटलं, तो डोंबिवलीला जाणार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि काजूगर सोलायला बसली.

दुपार टळली. फोन नाही. मी एकदा होडीकडे जाऊन आलो. बाकांची एक ओळ परत ठोकलेली होती, नवीन फळीचा वास येत होता. दिवेलागणीला थोडा वेळ असताना पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी आवाज इतका हळू की मला आधी ओळखूच येईना.

"गंग्या, पनवेल आलं."

"मग उतर की आता. परतीची गाडी मिळेल तुला तिथून."

"उतरणार होतो रे."

"मग? वाद संपला नाही काय अजून?"

"संपला. मघाशीच संपला." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "जनूला झोप लागलीय. डोकं माझ्या खांद्यावर पडलंय. हलता येत नाय."

"अरे, पण उतरणार कुठं तू?"

"हलता येत नाय म्हणतोय ना मी," अंकुश कुजबुजला, आणि त्यानं फोन ठेवला.